विमलचा मांडव वाऱ्यानं पडला नव्हता

मारेगावला लेकीकडे गेले होते, तिथं सकाळी फोन आला. विमलच्या पुतण्याचा, प्रशांतचा. "नजमाआत्या, आपली आत्या गेली..." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि मी त्याच्यावर खेकसले, "नीट पाह्य, झोपली असन." विमलला उशिरापर्यंत झोपायची सवय होती. पण ती झोपेतच गेली होती. यवतमाळची एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली, आणि सगळ्या रस्त्यात मी रडले नाही, चिडत राहिले. आदल्याच आठवड्यात तिच्या खोलीत बसून चहा घेतला होता. ती मोरीशी उभी राहून टाकाचं नीब धूत होती आणि पाठमोरीच मला सांगत होती, की येताना लेकीच्या हातचं लोणचं आण, तुह्या हातचं नको. नीब धुऊन, फडक्यानं टिपून तिनं डबीत ठेवलं. टेबलावरच्या चित्रावर वर्तमानपत्र झाकलेलं होतं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "आता नाई. आल्यावर पाह्यजो." मी पाहिलं नाही, पण चित्र पुरं झालं हे मला कळलं. कारण चित्र पुरं होऊन खाली सही केल्याशिवाय विमल कधी नीब धुवायची नाही. अर्ध्यातून जेवायला उठली तरी टाक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि परत येऊन तिथूनच पुढे सुरू करायची. ही तिची सवय मी चाळीसेक वर्षं पाहिली आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता रागाचं कारण. या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत मागे प्रशांतचा लेख आला. प्रशांत कॉलेजात शिकवतो, चांगलं लिहितो, आत्यावर त्याचा जीव होता, हे सगळं मला मान्य आहे. पण तो लेख मी दोनदा आपटून खाली ठेवला आणि दोनदा परत उचलला. त्याच्या लेखात आत्या सोशिक होती. आत्या मूक होती. ऐन लग्नाच्या दिवशी वरात आली नाही, वाऱ्यानं मांडव पडला, आणि आत्यानं ते दुःख जन्मभर उराशी धरलं. तिच्या खोलीतल्या जुन्या डच चित्रात तिला आपलाच रिकामा मांडव दिसायचा. त्या चित्रातल्या वाटेवर जो पाठमोरा माणूस आहे, तो म्हणजे तिला सोडून गेलेला नवरदेव. आणि शेवटी, आत्याचं अखेरचं चित्र अर्धवट राहिलं होतं, ते एका नामवंत कलावंताकडून पूर्ण करून घेऊन ही श्रद्धांजली... खाली ते चित्र छापलं होतं. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. विमलच्या रेघा, विमलची सही, आणि तिनं काढलेल्या खांबांवर कुणा परक्या हातानं चढवलेलं छप्पर. वाचून बायांनी डोळे पुसले म्हणे. पुसू दे. ज्या बाईसाठी त्यांनी डोळे पुसले, ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती. मी ज्या विमलला ओळखत होते ती रागीट होती, तोंडाची फटकळ होती, आणि वाऱ्यावर काही सोडणारी तर मुळीच नव्हती.

आमची ओळख यवतमाळच्या कॉलेजातली. तिचं गाव ढाणकीजवळचं, घरी कापूस-तुरीची शेती, ती इथं वसतिगृहात राहायची. आमचं घर शहरातलं, अब्बांचं फोटो-फ्रेमचं दुकान. ती कॉलेज सुटलं की दुकानात येऊन बसायची आणि फ्रेमला आलेली चित्रं उलटीपालटी करून पाहायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी हळदीच्याही आधी तिच्या गावी जाऊन राहिले. अंगणात मांडव घातला होता, चार जाड खांब, वर दोरीनं बांधलेल्या आडव्या बल्ल्या, त्यावर जांभळीचे हिरवे डहाळे. मुलगा पैनगंगेपलीकडचा. वरात सकाळी यायची होती. दुपार झाली, वाजंत्रीवाले सावलीत झोपले, आणि मग मोटारसायकलवर कुणीतरी निरोप घेऊन आलं, की मुलीच्या कोपराला पांढरा डाग आहे असं कळलं, आम्ही येत नाही. एक डाग. रुपयाएवढा. विमल तो कधी झाकायचीही नाही.

बायका रडायला लागल्या. पण खरा तमाशा त्यानंतर झाला, आणि तो प्रशांतच्या लेखात नाही. तिचे मामा उठून म्हणाले, मांडव असा रिकामा ठेवता येत नाही, याच मांडवात पोरीला उजवून टाकू. जेवायला आलेल्या पाहुण्यांत एक लांबचे नातेवाईक होते, बायको वारलेली, दोन लेकरं. त्यांना बाजूला नेऊन विचारलं. ते हो म्हणाले, आणि मामांनी त्यांच्या डोक्याला फेटासुद्धा बांधायला घेतला. कुणी आत येऊन विमलला विचारलं नाही. मी तिच्याजवळ बसले होते. ती हळदीच्या अंगानं उठली, बाहेर गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "मले इचारलं काय कोणी?" मामा म्हणाले, "पोरी, आत जाय, मोठे बोलून राह्यले." डहाळे तोडायचा विळा मांडवाच्या खांबाशीच पडलेला होता. तिनं तो उचलला, एका बाजूची दोरी कापली, मग दुसऱ्या बाजूची. बल्ल्या सरकल्या आणि जांभळीचं सगळं छप्पर खाली आलं, ते थेट मामांच्या आणि त्या नव्या नवरदेवाच्या डोक्यावर. कुणाला लागलं नाही. मामा डहाळ्यांतून रांगत बाहेर निघाले, ते मी विसरूच शकत नाही. त्या दिवशी वारा नव्हता. वैशाखातली दुपार होती, पान हलत नव्हतं.

छप्पर उचलून गोठ्याकडे टाकलं, पण खांब तसेच राहिले. लग्न लागलेल्या मांडवाची उतरवायची रीत असते. न लागलेल्या मांडवाचं काय करायचं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खांबाला हात लावायला सगळेच भ्याले. ते चार खांब उन्हाळाभर अंगणात उभे होते. विमलनं दोन खांबांना दोरी बांधली आणि त्यावर धुणं वाळत घातलं. त्याच उघड्या अंगणात पोतं अंथरून तिनं चित्रकलेच्या परीक्षेचा अभ्यास केला. पुढे मला म्हणायची, "नजमा, त्या उन्हाळ्यात मले जेवढी झोप लागली तेवढी जन्मात नाई लागली." हे दुःख उराशी धरलेल्या बाईचं बोलणं आहे का? पण तोवर गावानं गोष्ट बदलून टाकली होती. पोरीनं मांडव कापला, हे सांगायला घरच्यांना लाज वाटत होती. वरात आली नाही, याची मात्र लाज वाटत नव्हती, कारण त्यात पोरगी बिचारी ठरत होती. मग कापलेला मांडव पडलेला झाला आणि पडलेला मांडव वाऱ्यानं पडलेला झाला. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या वाऱ्याला वावटळीचं रूप आलं होतं.

विमलला यवतमाळात मुलींच्या शाळेत चित्रकलेची नोकरी लागली. दोन खोल्या घेतल्या, आणि एकदा दुकानात तिला ते चित्र सापडलं. कुणीतरी एका परदेशी कॅलेंडरचं पान फ्रेमला टाकून गेलं होतं, ते न्यायला परत आलंच नाही. खाली इंग्रजीत इतकंच, की एका डच खेड्याचं दृश्य, तपकिरी शाई, काही शतकांपूर्वीचं. चित्रात फारसं काही नाही. खाली चाकोऱ्या पडलेली वाट, बसक्या छपरांची तीन घरं, एक निष्पर्ण झाड, मागे एक निमुळता मनोरा, वाटेवर पाठमोरा माणूस. उजवीकडे चार उंच खांब, त्यांवर एक छप्पर, आणि खाली मोकळी जागा. वर सगळं आभाळ म्हणजे नुसता कोरा कागद. अब्बा चष्मा वर करून म्हणाले, "ये तो मिनार है, बेटा. मस्जिद होगी." मी म्हटलं, अब्बा, तिथं चर्च असतं. विमलचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं त्या चार खांबांवर बोट ठेवलं. "हा मांडव हाये," ती म्हणाली. "आणि याच्याखाली कोणी नाई." मी म्हटलं, "बाई, विलायतेत कुठला मांडव?" तर माझ्यावरच तडकली, "मंग काय हाये? सांग तू!" आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना चार खांबांवर छप्पर दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. तो वाटेवरचा माणूस कोण, हेही मी तेव्हाच विचारलं होतं. ती हसली. "तो? पाव्हणा हाये. जेवला न् चालला घरी." प्रशांत, बाबा, तुझा नवरदेव तो हा. जेवून घरी चाललेला पाहुणा.

त्या चित्राकडे ती हळहळून पाहायची नाही, रागानं पाहायची. लग्नसराई आली, गल्लोगल्ली बँड सुरू झाले, की ती जाड कागद घ्यायची आणि टाकानं ते चित्र उतरवून काढायची. घरं, झाड, वाट हे सगळं शांतपणे. छप्पर शेवटी. आणि छपराच्या रेघा ओढायला लागली की तिचा हात असा काही चालायचा, की एखाददोन ठिकाणी नीब कागदात रुतायचंच. कागद तसाच ठेवून ती सही करायची. मी एकदा विचारलं, "एवढा राग येते तं काढते कायले?" म्हणाली, "राग येते म्हणूनच तं काढते." शाळेतल्या मुलींना ती तेच चित्र दाखवून शिकवायची. आभाळ काढायचं नसतं, सोडायचं असतं, हे तिचं वाक्य तिच्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही मुलीला विचारा. शाईत चूक झाली तर अर्धं ब्लेड घेऊन ती कशी अलगद खरवडायची, तेही तिनंच त्यांना शिकवलं, आणि दुकानात बसून मलाही. शाईची चूक खोडता येत नाही असं म्हणणाऱ्यांवर तिचा फार राग. कागद जाड पाहिजे आणि माणसानं घाई करू नये, एवढंच.

दोनेक वर्षांपूर्वी तिची एक जुनी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त तिकडे, त्या डच लोकांच्या देशात गेली. तिला विमलनं त्या चार खांबांबद्दल विचारून ठेवलं होतं. पोरीनं शेतातले फोटो पाठवले. तो मांडव नव्हताच. गवताच्या गंजीवरचं छप्पर होतं ते. गवत भरलं की छप्पर खांबांवर वर सरकवायचं, गवत संपत आलं की खाली घ्यायचं. आपण गुरांच्या चाऱ्याचं कुटार भिजू नये म्हणून ताडपत्री टाकतो, तसंच काहीतरी. मी घाबरत घाबरत तिच्याकडे गेले, म्हटलं आता हिचं काय होते. ती पलंगावर फोन घेऊन बसली होती. "पाह्य नजमा," म्हणाली, "मी इतके वर्स गवतावर राग धरून राह्यली." आणि अशी हसली, की शेजारीण डोकावून गेली. मग हसू थांबल्यावर फोटो बोटांनी मोठा करत म्हणाली, "पण लोकं शायने हायेत. काम सरलं की छप्पर खाली घेतात." त्यानंतरच्या लग्नसराईत तिनं टाकाला हातच लावला नाही. मला वाटलं, सुटली एकदाची त्या चित्रातून. आणि यंदा, मी मारेगावला निघायच्या आधी, पुन्हा टेबलावर जाड कागद आणि वर झाकलेलं वर्तमानपत्र.

लेख वाचून मी प्रशांतच्या घरी गेले. त्यानं कौतुकानं ते चित्र दाखवलं, भिंतीवर लावलं होतं, हार घातला होता. म्हणाला, "नजमाआत्या, फक्त चार खांब काढले होते तिनं. आणि दोन खांबांच्या मधी छपराची कच्ची रेघ ओढून ठेवली होती. लय वाईट वाटलं, म्हणून पुरं करून घेतलं." मी म्हटलं, "खाली सही व्हती का नाई?" "व्हती ना." "मंग अर्धवट काहून? कोणी ठरवलं, तुह्या बापानं?" बोलून गेले आणि पाहते तर त्याचा बाप, विमलचा मोठा भाऊ, तिथंच खाटेवर बसलेला. दादा आता फार थकले आहेत. पण त्या दुपारी ते अंगणातच होते, वाजंत्रीवाल्यांशेजारी. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "दादा, त्या दिवशी वारा व्हता काहो?" ते खिडकीबाहेर पाहायला लागले. "जुनं कायले उकरून राह्यली बाई..." मी म्हटलं, "मी नाई उकरून राह्यली. तुमच्या पोरानं पेपरात छापलं." मग ते म्हणाले, "पोराले काय सांगू? आत्यानं इळा घेऊन मांडव कापला, असं सांगू?" "हो," मी म्हटलं, "असंच सांगा." प्रशांत आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. ज्या आत्याच्या मांडीवर तो खेळला, तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घरानं त्याच्यापासून लपवून ठेवून तिच्याऐवजी त्याला वारा दिला होता. आणि ती असताना त्यानं तिला एकदाही विचारलं नाही, कारण बिचारीला काय विचारायचं, असं त्याला वाटत होतं. दादा खाटेवरून न उठताच म्हणाले, "घेऊन जाय तू ते चित्र." मी हार काढून ठेवला आणि चित्र पदराखाली घेऊन आले.

दुकानात आता माझा भाऊ बसतो. त्याच्या टेबलावर उजेडात मी ते चित्र फ्रेममधून काढलं. त्या नामवंत कलावंताची शाई विमलच्या शाईपेक्षा काळपट होती, हे एक बरं झालं. अर्धं ब्लेड घेतलं आणि छप्पर खरवडायला बसले. अशी खरवडत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते, मामांना, त्या पैनगंगेपलीकडच्यांना, लेखात छापलेल्या त्या सुंदर शब्दांना, आणि विमललाही, की बये, वर्तमानपत्र उचलून एकदा दाखवलं असतंस तर तुझं काय जात होतं... थोडं खरवडायचं, फुंकर घालायची, पुन्हा थोडं. छपराखालून ती दोन खांबांमधली रेघ निघायला लागली. प्रशांत जिला कच्ची रेघ म्हणत होता ती. विमलनं उभ्या जन्मात शाईनं कच्ची रेघ ओढली नाही. ती मधे थोडी लोंबलेली होती, वजन पडल्यासारखी. तिला जपायला मला सगळ्यात वेळ लागला, आणि तरी एका ठिकाणी तुटलीच. मी ती जोडली नाही. तिच्या चित्रात आता कुणाचाच हात नको, माझाही.

ते चित्र मी काच न घालता, साध्या काळ्या पट्टीत बसवून दुकानातच लावलं आहे. कागद जिथं खरवडला तिथं त्याची लव उठली आहे, ती तशीच दिसते. दिसू दे. परवा प्रशांत आला. चित्रासमोर उभा राहिला, मग जवळ जाऊन त्या रेघेवर बोट धरलं, टेकवलं नाही. "ही दोरी हाये काय?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "पण दोरी तं कापली व्हती ना तिनं? बाबानं सांगितलं मले."

"मांडवाची कापली," मी म्हटलं. "ही नंतर तिनं सोताच बांधली. धुणं वाळत घालाले."